साठ मीटर उंचीवरचं दुखणं

आमचे साडू माणसांपेक्षा कबुतरांच्या जास्त ओळखीचे आहेत. उंच इमारती बांधताना मधोमध मनोऱ्यासारखी क्रेन उभी असते ना, ती ते चालवतात. जमिनीपासून साठ मीटर वर एक काचेची खोली, खोलीत एक खुर्ची, खुर्चीत आमचे साडू, आणि त्यांच्या हातातल्या दांड्याच्या हुकुमात चार टन लोखंड. अठरा वर्षांत त्यांनी एक तुळई बोटभर इकडेतिकडे ठेवलेली नाही. घरी मात्र स्वतःचा चष्मा कुठे ठेवला हे रोज बायकोला विचारतात.

या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सुचत नाही. वर संडास नसतो. शिडीनं खाली यायला पंधरा मिनिटं, पुन्हा चढायला पंचवीस. तेवढा वेळ खालची माणसं हात चोळत बसणार आणि मान वर करून शिव्या देणार. यावर साडूबुवांनी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तोडगा काढला होता. पाणीच प्यायचं नाही! सकाळी सात ते दुपारी चार एक थेंब नाही. जेवायला सुका पाव आणि दोन उकडलेली अंडी. आणि चुकून पोटातून बोलावणं आलंच, तर त्याला चार वाजेपर्यंत ताटकळत ठेवायचं.

"अठरा वर्षांत मधेच उतरलो नाही," असं ते आम्हाला छाती फुगवून सांगत. आम्हीही वेड्यासारखं कौतुक करत असू.

शेवटी ताटकळलेल्यानं सूड घेतला. एका सकाळी साडूबुवा संडासातून बाहेर आले ते भिंतीला धरून. चेहरा चुन्यासारखा पांढरा. त्यानंतर रोज तीच तऱ्हा. काचेचे तुकडे बाहेर पडावेत तशी कळ यायची आणि नंतर तास-दोन तास आग होत राहायची. पण तोंडातून ब्र काढतील तर शपथ. कामावर पोहोचायला उशीर होऊ लागला, तर बस चुकली म्हणून सांगायचे. आमच्याकडे जेवायला आले तेव्हा ते उभ्यानंच जेवले.

"साडूबुवा, खुर्चीला पैसे पडत नाहीत आमच्याकडे," मी म्हणालो.

"कंबर धरलीय जरा."

त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. आम्ही दोघंही तिला ताई म्हणतो. ताईनं त्यांच्याकडे असं काही बघितलं की कंबर खरंच धरलेली असती तर जागेवर सुटली असती. दोन दिवसांनी तिला रक्ताचा डाग दिसला आणि मग साडूबुवांचं काही चाललं नाही. स्वतः त्यांना तर भलत्यासलत्या रोगाची खात्रीच पटली होती. विम्याचे कागद कुठल्या कप्प्यात आहेत हे त्यांनी दवाखान्यात जाता जाता ताईला सांगूनही टाकलं.

डॉक्टरीणबाई तरुण आणि झटपट होत्या. तपासून म्हणाल्या, "फिशर आहे. म्हणजे चीर पडलीय, बारीकशी. घाबरण्यासारखं काही नाही."

"बारीकशी?" साडूबुवा दुखावले. एवढं सोसल्यावर निदान आकार तरी मोठा असावा अशी त्यांची अपेक्षा होती.

"पाणी किती पिता?"

"कामावर नाही पीत."

"आणि घरी?"

"चहा पितो की."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग जे सांगितलं ते ताईनं शब्दन् शब्द लिहून घेतलं. लावायला मलम. दिवसातून दोन-तीनदा, विशेषतः संडासला जाऊन आल्यावर, कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसायचं. पपई, पेअर, पालेभाज्या, डाळी, कोंड्याचा पाव खायचा. रात्री दोन चमचे इसबगोल, मोठ्या पेलाभर पाण्यातून. दिवसभर पाणी. जोर करायचा नाही, आणि बोलावणं आलं की जायचं. सहा-आठ आठवडे लागतील. नाहीच भरलं तर पुढचा उपाय बघू.

"पुढचा म्हणजे?"

"कदाचित छोटीशी शस्त्रक्रिया."

त्या 'छोटीशी'वर मात्र साडूबुवांचा काडीचा विश्वास बसला नाही. शस्त्रक्रिया म्हणजे रजा, आणि रजा म्हणजे त्यांच्या खुर्चीत बदली क्रेनवाला. ती खुर्ची एकदा गेली की जमिनीवरच्या माणसांत उरलेली नोकरी काढायची! हा विचार त्यांना चिरेपेक्षा जास्त टोचत होता.

बसण्यासाठी नातवाचा आंघोळीचा टब काढण्यात आला. त्याच्यावर पिवळी बदकं होती. साडूबुवांचा घेर पाहता ते टबात बसत नसत, बसवले जात. ताई बाहेरून विचारायची, "उतरलात का?" आणि आतून उत्तर यायचं, "अजून डावी बाजू वर आहे." पण पहिल्याच दिवशी त्या कोमट पाण्यात त्यांचा चेहरा असा सैलावला की पंधरा मिनिटं झाल्यावरही ते बाहेर यायला तयार होईनात.

खाणं सुधारलं, टब सुरू झाला. पाण्याचं काय? तिथंच गाडं अडलं. पाणी प्यायचं तर उतरावं लागणार, उतरायचं तर कारण सांगावं लागणार. तेव्हा साडूबुवांनी स्वतःची अक्कल चालवली. पाणी कमी आहे ना, मग इसबगोल वाढवू! ते डबा घेऊन वर गेले आणि दुपारच्या पावावर मिठासारखा भुरभुरून कोरडाच खाल्ला. सलग तीन दिवस. चौथ्या सकाळी संडासातून जो आवाज आला तो ऐकून वरच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई विचारायला आल्या.

डबा अर्धा झालेला बघून ताईनं कपाळावर हात मारला.

"अहो, स्लॅब ओतल्यावर त्याला पाणी मारता की नाही तुम्ही?"

"मारतात. चांगलं आठ-दहा दिवस."

"आणि नाही मारलं तर?"

"तडे जा..." म्हणता म्हणता साडूबुवा थांबले.

"बांधकामातली अक्कल जरा घरीही आणा!"

तरीही वरिष्ठांना सांगायची हिंमत होईना. पण पुढच्याच आठवड्यात ते काम परस्पर झालं. क्रेनवाल्याकडे खालच्या लोकांशी बोलायला वायरलेस असतो. तो साडूबुवांच्या कमरेला उजवीकडे. एरवी ते ताठ बसतात, पण हल्ली दुखरी बाजू वाचवण्यासाठी उजवीकडे कलून बसत होते. त्या दिवशी काम थोडं थांबलेलं असताना ताईचा मोबाइलवर फोन आला आणि सगळा भार पडला वायरलेसच्या बटणावर.

खाली सिग्नलवाल्याच्या, सुपरवायझरच्या आणि लोखंड बांधणाऱ्यांच्या मुकादमाच्या खिशातून एकदमच आवाज आला:

"अगं, काय सांगू! आज तर आतून विटाच पडल्या. हो, रक्त थोडंच. नाही गं, पाणी कसं पिऊ? उतरलो तर हे लोक मला खाली बसवतील. आणि ती बदकं परत टबाच्या..."

तेवढ्यात साडूबुवा जरा सरळ झाले आणि बटण सुटलं. मग सुपरवायझरचा आवाज वर गेला. "काका, बटणावर बसू नका. हुक रिकामा ठेवा. आणि खाली या."

पंधरा मिनिटांची शिडी त्या दिवशी पंचवीस मिनिटं चालली. आता नोकरी गेलीच, असं प्रत्येक पायरीला वाटत होतं. खाली लोखंडवाले अतिशय मन लावून आकाश बघत होते.

सुपरवायझर साडूबुवांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. कडक माणूस. त्यानं विचारलं, "अठरा वर्षं तुम्ही वर पाणी प्यायला नाहीत?"

"काम थांबतं ना, साहेब."

"दुखणाऱ्या माणसाच्या हातात चार टन देऊन मी खाली उभा राहायचं? माझ्याच डोक्यावर?" मग तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, "सांगायचं नाही का, काका?"

निकाल असा लागला: आठ दिवस खाली, सिग्नलवाल्याच्या जोडीला. तेवढे दिवस बदली माणूस वर. मग पुन्हा वर, पण अटीवर. दहाला आणि एकला क्रेन थांबणार, काका उतरणार. दोन लिटरची बाटली भरून वर न्यायची, रिकामी खाली आणायची.

"आणि बारा माणसं थांबतील त्याचं?" साडूबुवांनी विचारलं.

"त्यांनाही लागते की," मुकादम मागून म्हणाला. "आम्ही काय तुमच्यासारखे उंट आहोत?"

ते आठ दिवस साडूबुवांनी बदली माणसाच्या प्रत्येक हालचालीला नाक मुरडत काढले. नवव्या दिवशी खुर्ची परत मिळाली. उतरण्या-चढण्यानं पोट हलकं होऊ लागलं. कळ दोन तासांवरून अर्ध्या तासावर आली, मग पाच मिनिटांवर. हा सगळा आलेख ताई माझ्या बायकोला कळवायची आणि बायको मला. इतक्या बारीकसारीक तपशिलानं की जेवताना विषय बदलावा लागे.

सहाव्या आठवड्यात एका सकाळी साडूबुवा आत गेले आणि लगेच बाहेर आले. ताई टबात पाणी ओतत होती.

"काय झालं? झाली नाही का?"

"झाली."

"मग?"

"काही नाही."

"अहो, काही नाही म्हणजे काय?"

"काहीच नाही," साडूबुवा हळूच म्हणाले, जणू मोठ्यानं बोललं तर कळ परत येईल. "दुखलंच नाही."

ताई मोरीच्या कट्ट्यावर बसली आणि हसता हसता तिनं डोळे पुसले. डॉक्टरीणबाईंनी नंतर तपासून चीर भरल्याचं सांगितलं. पाणी आणि पालेभाज्या मात्र जन्मभर, असंही बजावलं.

त्या सकाळी सहा आठवड्यांत पहिल्यांदा साडूबुवांना बस गाठायला धावावं लागलं नाही. सात वाजायला दहा मिनिटं कमी असतानाच क्रेनचा हुक सरसरत खाली आला आणि लोखंडाच्या मोळीवर येऊन अलगद थांबला.

"अहो काका," मुकादम पेला हातात धरून वायरलेसवर ओरडला, "आमचा चहा तरी होऊ द्या!"