अकरा पावलं

वाइंडरने चौतीस वर्षं एका कारखान्यात विजेच्या जळालेल्या मोटारी पुन्हा भरल्या. मी त्याच कारखान्यात फिटर. मी मोटार उतरवून त्याच्या टेबलावर टाकायचो, तो तिच्यात तांब्याची तार भरायचा, मी ती परत चढवायचो. भिंतीपलीकडे पत्रा ठोकणारे प्रेस चालायचे. आमच्या दोघांचे कान तिथेच राहिले.

निवृत्तीनंतर त्याने घरी जुन्या रेडिओसारख्या काचेच्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर बांधायला घेतला. हौस म्हणून नाही, वहिनींसाठी. तीन वर्षांपूर्वी वहिनींची पाठ गेली आणि त्या आतल्या खोलीत पडून राहिल्या. त्याने उशाशी रेडिओ ठेवला, तो त्यांनी बंद केला. म्हणाल्या, "कानाशी किरकिर नको. बाहेरच्या खोलीत काही वाजत असलं की मी घरात आहे असं वाटतं. नाहीतर हे इस्पितळच." तोच रेडिओ बाहेर ठेवून मोठा केला, तर आवाज फाटायचा आणि स्वयंपाकघरातच विरायचा. बाहेरच्या खोलीपासून पलंगापर्यंत अकरा पावलं. तेवढं अंतर आवाज धड पोचावा, एवढंच त्याला हवं होतं.

दोन वर्षं लागली. ट्रान्सफॉर्मर त्याने स्वतः गुंडाळले. थरावर थर, मधे कागद. एक वेढा चुकला की सगळं उलगडायचं. असं दोनदा झालं. मोठा ट्रान्सफॉर्मर वेगळ्या पेटीत घातला आणि जाड केबलने जोडला. एवढं करून ताकद निघाली आठ वॅट.

मग स्पीकर. पहिली जोडी त्याने एकट्याने जाऊन आणली. कमरेएवढे उंच, चकचकीत, मागे पाटीवर दोनशे वॅट. मी म्हटलं, जोरदार दिसतात. लावले, तर स्वयंपाकघराच्या दारातही शब्द लागेना.

चूक आमच्या धंद्याची होती. मोटारीच्या पाटीवर ती किती ताकद देते ते लिहितात. स्पीकरच्या पाटीवर तो किती सहन करतो ते. उभ्या जन्मात आम्ही एकच पाटी वाचलेली. हे वहिनींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मग माझ्या पाठीवर काय लिहिलंय तेही बघा एकदा." वाइंडर हसला नाही. तो आधीच थकलेला होता.

ती जोडी आम्ही तीन मजले खाली उतरवली आणि जुन्या सामानाच्या दुकानात नेली. दुकान बोळासारखं लांबट. दुकानदार चाळिशीचा, बोलका. त्याने समजावलं: एक वॅट दिला की एक मीटरवर किती आवाज निघतो, तो डेसिबलचा आकडा बघायचा. तुमच्या जोडीचा शहाऐंशी. ती कोपऱ्यातली जोडी बंद पडलेल्या सभागृहातून आली, तिचा सत्त्याण्णव. अकरा डेसिबलचा फरक म्हणजे बारापट ताकद. तुमच्या स्पीकरना जिथे शंभर वॅट लागतील, तिथे हे आठात भागवतील.

वाइंडर म्हणाला, आकड्याने एकदा फसलोय. ऐकून घेईन.

दुकानदाराने आपला अ‍ॅम्प्लिफायर जोडला. सगळंच दणदणीत वाजलं. वाइंडरने तो काढायला लावला. आम्ही आमचा नेला होता, दोन्ही पेट्या मिळून वीस किलो.

दुकानदाराला गंमत वाटली. "काका, तुम्हाला ऐकूच कमी येतं. निवडणार कसं?"

"म्हणूनच तर. मला शब्द लागला तर तिला लागेलच."

रेडिओवर बातम्या लावल्या. वाइंडर पाठ करून चालू लागला. शब्द लागेनासा झाला की थांबायचा, मी खडूने रेघ मारायचो. एक सडपातळ जोडी सहा पावलांत संपली. दुसरी आठ. मग सभागृहातली. पत्रा गंजलेला, एक कोपरा उंदरांनी कुरतडलेला. अकरा पावलं झाली, चौदा झाली, तो दाराबाहेर फुटपाथवर गेला. दुकानदार ओरडला, "काका, परत येणार ना?" तो परत आला आणि म्हणाला, हीच.

एकेक स्पीकर एक्केचाळीस किलोचा. लिफ्ट नाही. वय दोघांचं अडुसष्ट. स्पीकरखालून दोर, वर मी, खाली तो, प्रत्येक वळणावर टेकायचं. दोन्हींना मिळून पन्नास मिनिटं लागली. मग जोडणी केली.

सुरू केलं.  त्याने मला आत वहिनींकडे बघायला पाठवलं.

वहिनी डोळे उघडे ठेवून पडल्या होत्या. "शब्द न् शब्द येतोय, भावजी. पण शब्दांच्या खाली काहीतरी गुणगुणतंय. डब्यात माशी अडकल्यासारखं."

मी ते बाहेर सांगितलं. त्याने स्पीकरला कान लावला. मीही लावला. आम्हाला काहीच ऐकू आलं नाही. जो स्पीकर आठ वॅटमध्ये बोलतो, तो अ‍ॅम्प्लिफायरची बारीकसारीक खोडही सांगणारच. वाइंडर जमिनीवर बसला.

"फिटर, मला जे ऐकूच येत नाही ते दुरुस्त कसं करू? आता पुन्हा उलगडायला अंगात काही उरलं नाही."

तरी सवयीने त्याने स्क्रू काढायला ट्रान्सफॉर्मरची पेटी जवळ ओढली. आतून वहिनींचा आवाज आला, "आत्ता वाढलं."

तो त्याला ऐकू गेला नाही, मला पुसट आला. मी सांगितलं. म्हणजे ट्रान्सफॉर्मरच जवळून अ‍ॅम्प्लिफायरमध्ये गुणगुण सोडत होता. त्याने पेटी लांब ढकलली. "कमी झालं," आतून. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. त्या सांगायच्या, मी पुढे द्यायचो, तो चार बोटं सरकवायचा. केबल पुरेना, तेव्हा पेटी आडवी फिरवली. वाढलं. उलटी फिरवली.

"थांबा. हलवू नका. गेलं."

त्याने खडू काढून पेटीभोवती रेघ मारली. वहिनी पुन्हा बोलल्या, "आणि आवाज जरा कमी करा म्हणावं. मी काही लांब नाही."

हा निरोप मला दोनदा सांगावा लागला.