नम लॉकचा दिवा आणि कुमुदताई

कुमुदताईंची आणि माझी ओळख नव्वदच्या दशकात, धुळ्याच्या देवपुरातल्या त्यांच्या छोट्या कॉम्प्युटर ऑफिसात झाली. मुलाखतीला मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो; त्यांनी मला टेबलाखाली वायर शोधायला लावलं. नोकरी मात्र दिली. अंथरुणाला खिळलेल्या आईला सोडून पुण्याला जावं लागणार नाही, याचा मला कोण आनंद झाला!

आमचं पहिलं मोठं काम जळगावच्या एका केळी संस्थेचं, वजनं टिपण्याचा प्रोग्राम. कंट्रोल धरून एस दाबलं की नोंद जतन, ऑल्ट धरून पी दाबलं की छपाई. धुळ्यात सगळं झकास चालायचं. जळगावचे कॉम्प्युटर वेगळ्या पद्धतीचे; तिथे एकही शॉर्टकट चालेना. संस्थेचे सचिव वैतागले. "ताई, सोमवारपर्यंत पाहा, नाही तर तुमचं सामान घेऊन जा." काम परत आलं असतं तर ऑफिसला टाळं लागलं असतं, आणि मला पुण्याची गाडी धरावी लागली असती.

आम्ही दोघं जळगावला गेलो; मी प्रोग्राममध्ये डोकं खुपसून बसलो. ताई मात्र संस्थेत वजनं भरणाऱ्या शांताराम नानांशेजारी स्टूल टाकून बसल्या आणि त्यांचे हात पाहत राहिल्या.

"नाना, हा आकड्यांच्या कळांचा, नम लॉकचा दिवा कायम चालू असतो का?"

"मंग! दिवसभर आकडेच भरा लागतात, ताई. सकाळी आलो का पहिले तोच लावतो."

ताईंनी दिवा विझवून शॉर्टकट मारला. नोंद जतन झाली! दिवा लागलेला असला की तिथला कॉम्प्युटर नम लॉकलाही कंट्रोलसारखीच सोबत धरलेली कळ मानत होता, आणि असली जोडी आमच्या प्रोग्रामला ठाऊकच नव्हती. धुळ्यात त्या कळेला कुणी हातही लावत नसे.

"मग नानांना दिवा विझवायला सांगू या," मी म्हणालो.

ताईंनी डोळे वटारले. "नानांचं बरोबर आहे. प्रोग्राम बदला."

मी प्रोग्राममध्ये लॉकच्या कळा हिशेबातून वगळल्या. सचिवांसमोर नानांनी दिवा लावूनच नोंद केली, आणि छपाईही झाली. एवढं हलकं मला क्वचितच वाटलं असेल. एसटीतून उतरताना ताई म्हणाल्या, "आधी घरी जा. आई वाट पाहत असतील."

आई पुढे बरीच वर्षं होती, आणि तिचं सगळं मला माझ्या हातांनी करता आलं. ताईंच्या पंचाहत्तरीला माझं मागणं एवढंच: त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, त्यांना उदंड आयुष्य लाभो, आणि त्यांच्यामुळे मी जसा आईजवळ राहिलो, तशी त्यांची माणसं सदैव त्यांच्याजवळ राहोत.