रेवतीच्या मालिकेनं लावलेला घोर

एका टीव्हीपुढं सहा बायका बसल्या, की पडद्यावर घडतं त्याच्या दुप्पट पडद्याच्या अलीकडं घडतं. आमच्या कोल्हारजवळच्या वस्तीवर तेव्हा टीव्ही एकच, शेवंताकाकूंचा. दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही तिथं एक मालिका बघायचो. त्या दिवसांतलं एकेक आठवायला बसलं, की तव्यावरची भाकरी करपते!

मालिकेतली रेवती दहावीत. मासिकात पत्ता बघून तिनं एका अनोळखी पोराशी पत्रमैत्री केली. त्यानं फोटो मागितला, हिनं पाठवला. मग तो धमक्या द्यायला लागला, 'हा फोटो गावभर दाखवीन!' आणि तिच्या आईला काही माहीतच नाही.

मला तर घोरच लागला. माझी वैशाली तेव्हा आठवीत. मी स्वतः सातवी पास. पुढची शाळा लांब म्हणून घरी बसवलेली. वैशालीनं दहावी व्हावं, एवढंच माझं मागणं. आणि सासूबाईंनी दुसऱ्याच गुरुवारी सांगून टाकलं, "आपल्या पोरीला असलं पत्र आलं ना, त्या दिवशी शाळा बंद!"

*

एकदा ऐन धमकीच्या वेळेला लाईट गेली. बायकांचा आरडाओरडा ऐकून काकूंचे मालक, नाना, धावत आले. त्यांनी ट्रॅक्टर दारापाशी आणला, खिडकीतून वायर घेतली आणि बॅटरीवर टीव्ही चालू करून दिला. आम्ही पोटभर रडलो.

सकाळी ट्रॅक्टर चालू होईना. बॅटरी जुनी, ती पार उतरलेली. आम्ही सहाजणी पदर खोचून ढकलतोय, आणि वर बसलेले नाना म्हणतात, "त्या रेवतीच्या आईलाबी बोलवा की ढकलायला!"

*

रेवतीच्या आईला कळेना म्हणून आमचाच जीव जायला लागला. काकू टीव्हीला ओरडायच्या, "अगं बये, दप्तर बघ की तिचं!"

शेवटी ठरलं, कार्ड टाकायचं. आमच्यात लिहिणारी मीच. मुंबईच्या टीव्ही केंद्राच्या पत्त्यावर लिहिलं, 'रेवतीच्या आईस नमस्कार. ताई, मुलीचं दप्तर तपासा. उशीर करू नका.'

तीन आठवड्यांनी काय! त्या बाईनं खरंच दप्तर उघडलं! काकूंनी मांडीवर थाप मारली, "पोचलं बघ कार्ड!"

*

मग आम्हीही दप्तरं तपासायला लागलो. काकूंना वाचता येत नव्हतं. त्यांना सुनंदाच्या, म्हणजे त्यांच्या धाकट्या लेकीच्या वहीत लाल शाईची चिठ्ठी सापडली. घामाघूम होऊन माझ्याकडं आल्या. "वाच. जे असंल ते खरं सांग मला."

मी वाचलं, 'सुनंदाने बारा दिवस गृहपाठ केलेला नाही. पालकांनी येऊन भेटावे.'

"मास्तरचं हाय व्हय! वाचले गं बाई!" म्हणत काकूंनी सगळ्या वस्तीला साखर वाटली. मार खायच्या तयारीत उभी असलेली सुनंदा तोंडात साखर धरून बघतच राहिली!

*

साखर खाऊन मी हसत घरी आले आणि वैशालीचं दप्तर उघडलं. मासिकाचं कापलेलं एक पान निघालं. पत्रमित्रांचे पत्ते. सोलापूरच्या कुण्या महेशच्या नावाखाली रेघ मारलेली!

पान होतं तसं ठेवलं. कुणाला बोलले नाही. रोज पोस्टमनची सायकल दिसली, की मी सासूबाईंच्या आधी ओट्यावर.

*

शनिवार होता. सकाळची शाळा करून वैशाली नुकतीच आली होती. ओट्यावर सासूबाई, मी आणि काकू शेंगा फोडत बसलेलो. पोस्टमननं निळं आंतरदेशीय पत्र थेट सासूबाईंच्याच हातात दिलं. "वैशालीचं हाय, सोलापूरचं."

सासूबाईंनी ते माझ्यापुढं धरलं. "वाच. मोठ्यानं."

मी वाचायला लागले, 'तुमचा फोटो मिळाला...' आणि तिथंच थांबले.

"फोटो धाडला?" सासूबाईंनी वैशालीचं दप्तर ओढून मांडीवर घेतलं. "झाली शाळा!"

वैशाली दारातच उभी. "आई, पुढचं वाच ना."

मी वाचलं. 'तुम्ही आठवीत आहात असं समजून मी लिहीत होतो. आजी, माझी चूक झाली. पुन्हा पत्र लिहिणार नाही. लेकरू समजून माफ करा. शिरसाष्टांग नमस्कार.'

काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "आजी? कुणाची आजी?"

"आधीची पत्रं पोस्टमननं मला वाटेतच दिलेली. त्यात त्यानं फोटो मागितला," वैशाली म्हणाली. "रेवतीनं स्वतःचा पाठवला म्हणून फसली. मी आजीचा पाठवला."

मी सासूबाईंच्या मांडीवरच्या दप्तराकडं बघतेय. सासूबाई नातीकडं बघतायत.

"कोन्ता धाडला? शिर्डीत काढलेला?"

"हो."

"त्यात डोळं मिटल्यात माझं!" सासूबाईंनी दप्तर तिच्या अंगावर ढकललं. "घे हे. आन् पुढच्या बारीला मला इचारून चांगला धाड!"