हात मोदकानं गेला की स्क्रूनं?

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा कागद फाडला. आपल्या मराठी मंडळाच्या पत्रकात लोक सहलीबद्दल लिहितात, भरल्या वांग्यांबद्दल लिहितात, त्यात मी हे काय घेऊन बसले असं झालं. पण काल रत्नप्रभाकाकूंना डाव्या हातानं भात कालवताना बघितलं आणि घरी येऊन तशीच लिहायला बसले. चुकलंमाकलं तर सोडून द्या.

रत्नप्रभाकाकूंचे मोदक तुम्ही सगळ्यांनी खाल्लेत. पण काकू करतात काय, कोणाला माहितीय? मूळच्या गुहागरच्या, बाळकृष्णकाकांची बदली झाली म्हणून चंदीगडला आल्या. कोणी विचारलंच तर हळूच म्हणायच्या, "कंपनीत असते." आपल्या बायकांना वाटायचं, टायपिंग वगैरे करत असतील. काकूंनीही कधी खुलासा केला नाही. मंडळात सगळ्या साहेबांच्या बायका, तिथे कुठे सांगायचं?

कंपनी म्हणजे इंडस्ट्रियल एरियातला विजेची बटणं बनवणारा एक कारखाना. लांब बाकावर ओळीनं बायका बसतात. डाव्या हातात बटण, उजव्या हातात स्क्रू ड्रायव्हर. पिळा, ठेवा, पुढचं उचला. जेवणाच्या भोंग्यापर्यंत हेच, जेवणानंतर पुन्हा हेच. काकू वर्षानुवर्षं पिळत होत्या. मनगट कधी ठणकायचं, मग घरी येऊन तेल चोळायचं, की सकाळी परत बाकावर. त्याला दुखणं म्हणायचं असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

आणि गेल्या गणपतीत, मंडळाच्या प्रसादाचे मोदक वळताना, कळ्या पाडायला चिमूट धरली आणि अंगठा आलाच नाही. म्हणजे अंगठा होता जागेवर, पण त्यात जीवच नाही. मोदक एका बाजूनं उघडा पडला.

नीलाकाकू म्हणाल्या, "अगं रत्नप्रभा, हा मोदक आहे की समोसा?"

सगळ्या हसल्या. काकूही हसल्या. मग वेणी घालताना हातातून कंगवा पडायला लागला. मग एक दिवस कारखान्यात स्क्रू ड्रायव्हरच पायावर पडला. फोरमन म्हणाला, "भाभीजी, मेहंदी लगी है क्या हाथ में? आराम चाहिए तो घर बैठो." आणि खरंच घरी बसवलं.

युनियनचे नरेशजी घरी आले. म्हणाले, हात कामानं गेला असेल तर भरपाई मिळते, हलकं काम मागता येतं, अर्ज करा. केला. मग तपासणी. डॉक्टर भला माणूस होता हो, हेच तर! त्यानं विचारलं, "दर्द कब शुरू हुआ?"

काकूंना खोटं येत नाही. त्या म्हणाल्या, "गणपति में. मोदक बनाते बनाते."

"मोदक क्या होता है?"

आता चंदीगडमध्ये इतक्या वर्षांत कोणी काकूंना मोदकाबद्दल असं आपुलकीनं विचारलं नव्हतं. त्या खुलल्या. उकड कशी काढायची, पारी कशी करायची, कळ्या कशा चिमटायच्या, सगळं दुखत्या हातानं करून दाखवलं. डॉक्टर मान डोलवत ऐकत होता आणि लिहीत होता. निकाल आला: दुखणं घरी, सणाच्या स्वयंपाकात सुरू झालं, कामाशी संबंध नाही.

बाळकृष्णकाकांनी कपाळाला हात लावला. "तुला पाककृती सांगायला नेलं होतं का तिथं?"

"त्यांनी विचारलं हो."

"विचारलं म्हणून सांगायचं?"

त्यांची मुलगी नयना म्हणाली, "मम्मी, बोल दो ना मशीन से लगी."

"मशीन कुठाय गं तिथे? स्क्रू ड्रायव्हर आहे नुसता."

नरेशजींचं वेगळंच. "चोट की कोई तारीख तो बताओ, भाभीजी." पण तारीख असेल तर सांगतील ना! रक्त नाही, जखम नाही. एकदा हाताला पट्टी बांधून बसमध्ये चढल्या, तर एका सरदारजींनी उठून जागा दिली आणि हळू आवाजात विचारलं, "बम में लगी, बहनजी?" रोज कुठे ना कुठे बॉम्ब फुटतायत, सरदारजींना वाटलं ही त्यातलीच. काकू मेल्याहून मेल्यासारख्या होऊन त्या जागेवर बसल्या. पुढे चेकपोस्टवर पोलिसांनी पिशवी उपसली, डबा उघडून बघितला, तरी त्यांच्या डोक्यात तेच. ज्यांना बॉम्ब लागतो त्यांना सांगता तरी येतं कधी लागला. आपल्याला काय लागलं? कधी?

मग रात्रंदिवस एकच. हात खरंच मोदकानं गेला असेल तर? स्क्रूनं गेला असेल तर मग बाप्पाचं नाव मी त्या कागदात का घातलं? देवासमोर बसायच्या आणि काय मागायचं तेच विसरायच्या.

उरलेला पगार आणायला कारखान्यात गेल्या तेव्हा जेवणाची सुट्टी होती. बाकावर त्यांच्या शेजारी बसणारी जसबीर डबा गुडघ्यांत धरून डाव्या हातानं झाकण उघडत होती. काकूंनी तिची बाही वर केली. मनगटाला ओढणीची पट्टी घट्ट आवळलेली.

"तेरा भी?"

"चुप, दीदी."

"जसबीर, तूने कभी मोदक बनाए हैं?"

"मोदक? ओ की हुंदा ए?"

काकू हसायलाच लागल्या. हसता हसता रडायला लागल्या. जसबीर घाबरली. काकू डोळे पुसत म्हणाल्या, "बस, यही बात तू चलके बोल दे. इतनीही."

जसबीरनं हात ओढून घेतला. तिच्या घरी पोलिसांच्या चकरा होऊन गेल्यात. त्यांनी उचलून नेलेला भाऊ परत आलाय, पण उंबऱ्याबाहेर पडत नाही. "मेरा नाम किसी कागज पे नहीं आना चाहिए, दीदी. तुझे तेरे गणपति की सौंह." शपथच घातली तिनं.

आता बोला! म्हणजे काकूंना कळलंय की हात स्क्रूनं गेला, आणि ते सांगताच येत नाही. सांगितलं तर ती पोर अडकते. नाही सांगितलं तर मोदकच गुन्हेगार. सकाळी म्हणतात जाते, संध्याकाळी म्हणतात नको बाई. काका म्हणतात सोडून दे. नयना म्हणते, "मम्मी, नाम ले लो यार, क्या होगा?" त्यावर मात्र काल काकूंचा आवाज चढला. "नाव घेणार नाही! एवढं एक ठरलंय. बाकी मला काही कळत नाही."

येत्या गुरुवारी सेक्टर १७ मध्ये भरपाईच्या अर्जाची फेरसुनावणी आहे. नरेशजी म्हणाले, कारखान्याबाहेरचं कोणी येऊन बोललं तरी चालेल, की ही बाई मोदक वर्षातून एकदाच वळते. दोन घरी काकूंनी विचारून बघितलं. "दिवस कसले आहेत, आणि आमचे हे सर्व्हिसमध्ये," असं झालं. मला राग आला, पण भीती मलाही वाटतेच की.

जसबीरचं नाव मी बदललंय, तिची बाकावरची जागाही. ती नाही येऊ शकत. पण आपण तर दरवर्षी रांगेत बसून ते मोदक खाल्लेत, आणि वर्षातून एकदाच मिळतात म्हणून कुरकुर केलीय. त्यांचे मोदक कधी होतात हे आपल्यापेक्षा जास्त कोणाला माहितीय? काकूंकडे जा. त्या चहा करायला उठतील, त्यांना बसवा, तुम्ही गाळा. यंदा मोदक कोण करणार, हे विचारू नका. फक्त जा, गुरुवारच्या आत.