जिन्याच्या कोपऱ्यातली फट

सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती आणि ताई दवाखान्याच्या जिन्यात शिरल्या होत्या. जिना अजून बांधून व्हायचा होता. तूर्त तो फक्त कॉम्प्युटरच्या पडद्यावर होता. तर्जनीने माउसचं चाक पुढे ढकललं की इमारत अंगावर चालून येई. आधी भिंती, मग पायऱ्या, मग एकाच पायरीची कड.

ताई आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढतात. निम्मी नोकरी बोर्डावर शाईच्या पेनाने झाली, उरलेली कॉम्प्युटरवर. मध्यंतरी उजव्या डोळ्याने दगा दिला. समोर बघावं तर मधोमध धुरकट डाग. डॉक्टरांनी हात टेकले. बोर्ड असता तर त्याच महिन्यात घरी बसायची पाळी आली असती. पण पूर्वी ताई कागदावर वाकायच्या, आता कागद उठून त्यांच्याकडे येतो.

त्याच चाकाने गेल्या आठवड्यात घात केला. छापायच्या शीटवर नकाशा एका चौकटीतून दिसतो, खिडकीतून बाहेरचं दिसावं तसा. एक आकडा नीट वाचता यावा म्हणून ताईंनी त्या चौकटीत शिरून चाक फिरवलं आणि निघताना नकाशा किंचित मोठाच राहिला. नुसत्या डोळ्यांना ते कळण्यासारखं नव्हतं. त्यात लँडिंगचं, म्हणजे जिना वळतो तिथल्या सपाट जागेचं, माप लिहायचं राहून गेलेलं. काँक्रीटसाठी फळ्यांचा साचा ठोकणाऱ्या सेंटरिंगच्या मिस्त्रीने कागदावर स्केलपट्टी लावली आणि फळ्या चार बोटं लांब ठोकल्या. सगळ्या उखडाव्या लागल्या.

ऑफिसच्या आर्किटेक्ट मॅडम ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "ताई, ही शीट तुम्हीच परत काढा. दुपारी मिस्त्री इथेच पट्टी लावेल. बरोबर निघाली तर टेबल तुमचं. नाहीतर मग प्रिंटचं मशीन सांभाळा. डोळ्यांनाही आराम."

ताईंना तो आराम नको होता.

शेजारच्या टेबलावरच्या ड्राफ्ट्समनची बडबड दिवसभर चालू, म्हणून त्याला सगळे 'रेडिओ' म्हणतात. तो वाकून म्हणाला, "काय ताई, आज जिना थेट चंद्रावर का?"

"हो. तुला वरच सोडून येते. इथे जरा शांतता होईल."

नकाशात काँक्रीट ठिपक्यांनी दाखवतात. लँडिंगमध्ये ते भरायचे होते, पण भरेनात. कड सगळीकडून बंद असेल तरच कॉम्प्युटर ठिपके भरतो, म्हणजे कडेची रेघ कुठेतरी सुटली होती. कोपरे तर सगळे जुळलेले दिसत होते. ताईंनी एका कोपऱ्यावर बाण ठेवला आणि चाक पुढे ढकललं. कोपरा मोठा झाला, रेघ मात्र होती तेवढीच बारीक राहिली. आणखी ढकललं. पायरी पडद्याबाहेर गेली, भिंत गेली, आणि मग दोन रेघांच्या मधे केसाएवढी फट उघडली. त्या पुढेच जात राहिल्या. फट बोटाएवढी झाली, दरवाजाएवढी झाली, शेवटी एक रेघ पडद्याच्या या टोकाला आणि दुसरी त्या टोकाला. मधे नुसता काळा पडदा, आणि त्याला तळ नाही.

ताईंचा हात थांबला. बोर्डावर काढलेले ते सगळे कोपरे, ज्यांना साहेबलोक 'वा!' म्हणाले होते, त्यांतही असंच असणार. शाईची रेघ जाड, तिने झाकून घेतलं. त्या इमारती उभ्या आहेत, माणसं त्यांच्यात जेवतात, झोपतात.

"अरे, इकडे ये," त्या हळूच म्हणाल्या.

रेडिओ आला आणि पडद्याला नाक लागेल इतका वाकला. "एवढं आत कोण जातं, ताई?" तो म्हणाला.

ताईंनी रेघा जोडल्या आणि चाकावर दोनदा टिचकी मारली. त्या अथांग काळोखातून अख्खा दवाखाना क्षणात समोर उभा राहिला, खिडक्या-दारांसकट, आणि तो कोपरा त्यात सुईच्या टोकाएवढाही उरला नाही. मग त्यांनी लँडिंगचं माप लिहिलं, शीटवरच्या चौकटीचं प्रमाण ठरवलं आणि तिला कुलूप घातलं. कुलपाचं चिन्ह नीट दिसावं म्हणून खुर्ची पुढे ओढली. चाक फिरवून बघितलं. आता पूर्ण कागद जवळ येत होता, चौकटीतला नकाशा एकटा हलत नव्हता.

दुपारी मिस्त्रीने प्रिंट टेबलावर पसरली, मॅडमसमोर पट्टी लावली, मग उलट्या बाजूनेही लावली.

"काय हो मिस्त्री, विश्वास नाही का?" ताईंनी विचारलं.

"बाई, फळ्या मी उखडल्यात," तो म्हणाला. पट्टी खिशात घातली. "बरोबर आहे."

मॅडम होकाराची मान हलवून आत गेल्या. दुसऱ्या मजल्याच्या जिन्याची फाइल ताईंच्या कॉम्प्युटरवर आली आहे. ती शीट न्यायला मिस्त्री उद्या सकाळी अकराला येणार आहे, पट्टी घेऊन.