तीन ते साडेतीन, पाय वर

भूत-बित मी कधीच मानलं नाही. मानायला फुरसत कुठाय? सांगलीत एसटी स्टँडजवळच्या एका लॉजिंग-बोर्डिंगमध्ये बावीस वर्षं वेटर आहे. टेबल ते भटारखाना इतका चाललोय की सरळ निघालो असतो तर दिल्ली बघून दोनदा परत आलो असतो... माझ्या बोलण्यातलं निम्मं वजा करायचं, असं आमच्या कुंडल गावात शेंबडं पोरसुद्धा सांगेल. करा वजा. उरेल त्याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

यंदा मालकानं हॉटेल पुण्याच्या एका कंपनीला विकलं. फोन आला — सोमवारी नवा मॅनेजर येईल, ऑर्डर टॅबवर घ्यायची, शनिवारी परीक्षा. जमणार नाही त्यानं घरी जायचं. माझं वय चौपन्न. आजवर ऑर्डर दिली ती गळ्यानं — "दोन मिसळ, एकाला कट जादाऽऽ!" हाक मिरजेला ऐकू जायची. टॅबला मात्र ऐकू येईना. आणि गरम कप धरून बोटं इतकी निबर झालेली, की ती काच त्यांना बोटं मानायलाच तयार नव्हती.

सोमवारी सकाळी दहाला एक माणूस मागच्या दारानं आला. साधा शर्ट, पायात रबरी चप्पल. मोरीवर शांताबाई ताटं घासत होती. हा शेजारी बसला नि घासायलाच लागला.

"आवं, तुमी कोण?" शांताबाईनं विचारलं.

"नवा आलोय. काय काम हाय ते सांगा."

नवा म्हणजे मॅनेजरच, आम्ही धरून चाललो. मॅनेजर, आणि ताटं घासतोय! आचारी सिद्राम माझ्या कानात म्हणाला, "गड्या, कंपनी लय वाईट दिसतीय. मॅनेजरालाबी सोडलं न्हाई."

चार दिवस तो आमच्यात होता. माझी टेबलं त्यानं घेतली. "तुमी टॅब घिऊन हुबं ऱ्हावा. खुशाल चुका. गिऱ्हाईक मी बघतो."

चुकलो की! एका म्हातारबाला चौदा ताकं गेली. म्हाताऱ्यापुढं हात त्यानंच जोडले, मला एक शब्द बोलला नाही. मग म्हणाला, "तुमी आधी वरडा. मग दाबा."

मी हाक दिली. हाकेबरोबर बोट आपसूक पडलं, आणि भटारखान्यात चिठ्ठी निघाली! सिद्राम नाचला. सगळ्यांचं उरकल्यावर तो माणूस उभ्याउभ्या जेवायचा, भात उरला असेल तर. गुरुवारी दुपारी "येतो" म्हणाला नि गेला.

शुक्रवारी बॅग घेऊन तिशीतला दुसराच गृहस्थ हजर. "सॉरी, आई आजारी होती, चार दिवस उशीर झाला. मी नवा मॅनेजर."

मग तो कोण? या नव्या साहेबांनी पुण्याला फोन लावला. तिकडून कुणालाच पाठवलं नव्हतं. कॅमेरे बदलायला काढलेले, भिंतीला नुसत्या वायरी. आणि टॅबवर आम्हा सातही जणांची लॉगिनं तयार! ती ज्या पासवर्डवर बनतात, तो साहेबांना त्याच सकाळी मिळालेला...

शनिवारी परीक्षा झाली. ओरडलो, दाबलं, पास झालो. नोकरी राहिली. पाय मात्र लाकडाचे झालेले.

साहेब बिचारे भेदरलेलेच. म्हणाले, "मामा, तो माणूस अजून काय काय करायचा? मलाही तसंच करावं लागणार."

आता मी ही संधी सोडतोय व्हय? दिलं ठोकून — "आवं, रोज दुपारी तीन ते साडेतीन आमाला पाय वर करून बसवायचा त्यो."

धादांत खोटं. शांताबाईनं तोंडाला पदर लावला.

साहेबांनी टॅब उघडला, ड्यूटीचा तक्ता काढला. मग टॅब माझ्याकडं फिरवला. माझ्या नावापुढं लिहिलेलं — तीन ते साडेतीन, पाय वर. सातही नावांपुढं तेच. नोंद सोमवारची, तो आला त्या दिवसाची.

थाप मी शनिवारी मारली होती. तीही जिभेवर ऐनवेळी आलेली!

आता रोज तीनला साहेब स्वतः टेबलं बघतात, आम्ही तांदळाच्या पोत्यांवर पाय टाकून पडतो. बाकीचे घोरतात. माझा डोळा लागत नाही... जन्मभर थापा मारल्या, एकच खरी निघाली, आणि ती माझ्याआधीच कुणीतरी लिहून ठेवलेली. कुणी, कशी, विचारू नका.

पाय दुखतात, हे मी त्या माणसाला एकदाही बोललो नव्हतो.