मिठाची कॉफी

मुलगी वाळत चालली आहे आणि जो तो तिला शाबासकी देतोय, हे अस्कालेच्या मनातून काही केल्या जात नव्हतं.

तिच्या लेकीची, वुबितची, कॉफीची टपरी इथिओपियातल्या जिम्मा शहराच्या बसस्टँडबाहेर. वर निळं प्लास्टिक, खाली रोज ताजं गवत, चार बुटकी स्टुलं आणि शेगडीवर काळी मातीची सुरई. एकट्याने आलेल्या गिऱ्हाइकाला ती एकट्याने पिऊ देत नसे. "एकट्याने प्यायचं ते औषध," म्हणायची, आणि स्वतःचाही अर्धा पेला भरून समोर बसायची. लोक कॉफीइतकेच त्या सोबतीसाठी येत. टपरी तिने स्वतः उभी केली होती. नवरा तामिरू ट्रक चालवायचा. टपरी बंद कर, असं तो लग्नापासून सांगत आला होता.

मेस्केलच्या सणाला अस्काले आठवडाभर लेकीकडे राहिली. रोज टपरीवर बसून बघत राहिली.

"एमाये, तुमची लेक पुन्हा नवरी दिसायला लागली," अस्कालेला आईची हाक मारत एक मिनीबसवाला म्हणाला. "कॉफीने सगळी चरबी जाळली बघा. माझ्या बायकोला बसवू का इथे महिनाभर?"

"बसव की," वुबित म्हणाली. "पण तिचं तोंड सुरू झालं की माझी गिऱ्हाइकं पळतील. तू तर पहिला."

सगळे हसले. वुबितही हसली, तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली आणि पुन्हा मागच्या संडासाकडे गेली.

"किती पाणी पितेस गं?" अस्कालेने विचारलं.

"कॉफी पाणी मागते, एमाये. आणि प्यायलेलं बाहेर पडणारच."

"एकदा रक्त तपासून घे. साखर असेल."

"साखर? मी तर आपल्या घरच्यासारखी मीठ घालून पिते. मिठातून साखर कशी येईल?"

वुबितचे वडीलही हेच म्हणाले होते. साखरेचा आजार निघाल्यावर त्यांनी कॉफीत मीठ घालायला सुरुवात केली आणि गोळ्या सोडल्या. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी समजावलं होतं : बिनसाखरेची कॉफी प्या हवी तर, तिने भूक थोडी मरते, पण वाढलेली साखर ती उतरवत नाही, आणि अंगावरचं मांस असं झडतंय ते आजाराने, कॉफीने नाही. त्यांनी ऐकलं नाही. आधी पाय गेला, मग ते गेले. वुबित तेव्हा मावशीकडे वाढत होती. तिला आठवतात ते कॉफी पिणारे वडील.

निघायच्या दिवशी सकाळी टपरीवर दोघीच होत्या. वुबित पेले भरत होती. धार पेल्याबाहेर गेली, गवतावर गेली, तरी सुरई तिरपीच. तिची मान छातीवर पडली होती. अस्कालेने सुरई काढून घेतली आणि तिच्या तोंडावर पाणी मारलं.

डोळे उघडल्यावर वुबितचं पहिलं वाक्य होतं, "तामिरूला सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील. त्याला निमित्तच हवंय. टपरी उपटून टाकेल."

"दवाखान्यात जाशील?"

"जाईन गं. सण उरकू दे."

अस्काले बसमध्ये बसली. रडू आलं नाही. डोंगर आले, गेले.

आपल्या गावी, बोंगाला परतल्यावर तिने लेकीला फोन केले. दवाखाना प्रत्येक वेळी पुढच्या आठवड्यात होता. एका दुपारी शेजारच्या बिर्केने कॉफीला हाक मारली. गवतावर बायका बसल्या होत्या. पहिला पेला झाला, दुसरा झाला.

"लेक कशी आहे?"

"बारीक झालीय."

"वा! कॉफी मानवली म्हणायची."

"हो," अस्काले म्हणाली.

आणि आपणच बोललेला तो शब्द तिला ऐकू आला. नवऱ्याचा सदरा अंगात लोंबायला लागला होता, तेव्हाही याच अंगणात कोणीतरी हेच म्हणालं होतं, आणि तेव्हाही ती 'हो' म्हणाली होती.

ती उठली.

"अगं, तिसरा पेला आशीर्वादाचा! तो टाकून कोणी उठतं का?" बिर्के ओरडली.

अस्काले गल्लीत आली. शपथ मोडणार होती. लेक कदाचित वर्षभर बोलणार नाही. नाही बोलली तरी चालेल, पण असावी. तामिरू ट्रक घेऊन गांबेलाच्या रस्त्यावर असेल, तेव्हा आधी गाडी बाजूला घे म्हणायचं. मग घरी पोचल्या पोचल्या तिला दवाखान्यात ने म्हणायचं, आणि टपरीला हात लावायचा नाही, हेही. तिने त्याचा नंबर लावला.